इमू: जोडीचा धंदा आणि तेलाचा प्रश्न

दहा-पंधरा वर्षांपूर्वी सांगली-साताऱ्यापासून विदर्भापर्यंत कुठेही एसटीने जाताना शेताच्या कडेला उंच जाळी आणि तिच्यावरून डोकावणाऱ्या लांब माना दिसत. जाळी अजून पुष्कळ ठिकाणी शाबूत आहे. आत आता शेळ्या बांधलेल्या असतात, नाहीतर कडब्याची गंज लावलेली असते. इमूपालनाबद्दल शेतकऱ्यांत, पशुवैद्यकांत आणि बँकांत जी चर्चा झाली, ती या उजाड शेडपाशी येऊन थांबली. कोणी म्हणते, सगळा प्रकार फसवणुकीचाच होता. कोणी म्हणते, पक्षी चांगला होता, बाजार उभा राहिला नाही. दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. पण इमूच्या तेलात खरोखर काय आहे हा तिसरा प्रश्न या चर्चेत फारसा येत नाही, आणि धंद्याचे सगळे गणित तिथेच अडते असे मला वाटते. म्हणून या लेखात पक्ष्यापासून सुरुवात करून तेलापर्यंत जायचे आहे.

पक्षी

इमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा. उंचीत शहामृगानंतर त्याचाच क्रम लागतो; पूर्ण वाढलेला पक्षी पाच ते सहा फूट उंच आणि साधारण ३५ ते ५० किलो वजनाचा असतो. उडता येत नाही, पण ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पळतो. उष्णता आणि थंडी दोन्ही सोसतो, रोगराई कमी, आणि गवत, पाला, धान्य, किडे यांपैकी जे मिळेल ते खातो. 'काटक पक्षी' ही त्याची ख्याती खोटी नाही.

नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच. ओळखायचे ते आवाजावरून. मादीच्या गळ्यात हवेची पिशवी असते आणि ती ढोलासारखा खोल, घुमणारा आवाज काढते. नर नुसता गुरगुरतो. हा फरक कळायला पक्षी वयात यावा लागतो. लहान पिल्लांची 'जोडी' म्हणून जे विकले जाई, त्यात दोन नर किंवा दोन माद्या निघाल्याच्या तक्रारी का होत, हे यावरून समजते.

मादी दीड-दोन वर्षांनी अंडी घालू लागते. ऑस्ट्रेलियात हा हंगाम तिथल्या हिवाळ्यात, मे ते ऑगस्टच्या सुमारास येतो. आपल्याकडे तो आपल्या हिवाळ्याकडे सरकला, ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च. दर तीन-चार दिवसांनी, बहुधा तिन्हीसांजेला, एक अंडे. गडद हिरवे, खरबरीत, अर्धा किलोहून जड. रानात अंडी नर उबवतो. सुमारे आठ आठवडे तो खाणे-पिणे जवळजवळ सोडून बसतो आणि अंगाने निम्मा-पाऊण होतो. फार्मवर ती अंडी रोजच्या रोज गोळा करून उबवण यंत्रात ठेवतात, म्हणजे मादी आणखी घालत राहते. चांगली जोडी वर्षाला २० ते ४० अंडी देऊ शकते, आणि ती पंधरा-वीस वर्षे अंड्यावर राहते. पुढचा सगळा घोळ या प्रजननक्षमतेतून निघाला.

ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका

ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज फार पूर्वीपासून इमूचे मांस खात, चरबी दुखऱ्या अंगाला चोळत आणि गेरूत मिसळून अंग रंगवत. गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र इमू म्हणजे पिकाचा शत्रू वाटे. १९३२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतांत घुसणाऱ्या इमूंवर सैन्याची तुकडी मशीनगन घेऊन पाठवली गेली आणि जवळपास हात हलवत परत आली. 'इमू युद्ध' म्हणून ही गोष्ट अजून सांगितली जाते. त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात इमूपालनाचे प्रयोग झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी पालनाला परवानगी मिळाली.

अमेरिकेत या धंद्याने जे वळण घेतले ते आपल्या दृष्टीने जास्त बोलके आहे. ऑस्ट्रेलियाने जिवंत इमूंची निर्यात १९६० च्या सुमारास बंद केली होती. अमेरिकेतले पक्षी मुख्यतः प्राणिसंग्रहालयांतल्या पक्ष्यांची संतती. १९८९ मध्ये तिथे इमूपालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पक्षी थोडे, घेणारे फार, अशी स्थिती असल्याने अंड्यावर आलेली जोडी हजारो डॉलरना जाऊ लागली. घेणारा ती खाण्यासाठी घेत नसे, पिल्ले काढून पुढच्याला विकण्यासाठी घेत असे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढचा घेणारा संपला. टेक्साससारख्या राज्यांत पालकांनी पक्षी कुंपण उघडून सोडून दिले. आणखी एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे: इमू-शहामृगांच्या मांसाची सरकारी तपासणी तिथे सक्तीची झाली ती २००१ मध्ये, म्हणजे तेजी ओसरून गेल्यावर. कत्तलखाना आणि तपासणी ही व्यवस्था आधी आणि पक्षी नंतर, हा क्रम तिथेही उलटाच होता.

भारतात

आपल्याकडे इमू आला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आंध्र प्रदेशात. तिथून तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र. अमेरिकेतला बाजार कोसळत होता त्याच वर्षांत इथे तो उघडत होता, हा योगायोग मला तरी खटकतो. कोरडवाहू भागातला जोडधंदा म्हणून इमूची शिफारस होऊ लागली. नाबार्डच्या आदर्श प्रकल्पांत इमूपालन आले, बँका कर्ज देऊ लागल्या, इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत इमूवर काम झाले. पशुगणनेच्या तक्त्यात कोंबडी, बदक, टर्की यांच्या शेजारी इमूचा रकाना आला.

महाराष्ट्रात हा काळ द्राक्षे-डाळिंबांच्या भरभराटीचा होता, आणि त्याच वेळी 'एकदा लावा, वर्षानुवर्षे खा' छापाच्या योजनांचाही. सागवान होऊन गेला होता, सफेद मुसळी आणि कोरफड चालू होती, ससेपालन येऊन गेले होते. इमूच्या जाहिरातीत एका पक्ष्यापासून मांस, तेल, कातडे, पिसे, अंडी, नखे सगळे विकले जाते असा तक्ता असे आणि शेवटी बेरीज. त्या बेरजेत चूक नव्हती. विकत घेणारा कोण, एवढेच तिथे लिहिलेले नसे.

साधा हिशेब मांडून पाहू. एका जोडीची वर्षाला वीसच अंडी धरली आणि त्यातून बारा पिल्ले जगली, तर सहा जोड्या झाल्या. तालुक्यात शंभर जोड्या असतील तर पहिल्याच हंगामात सहाशे नव्या जोड्यांना गिऱ्हाईक हवे, आणि त्या सहाशे जोड्यांचे पालक दोन वर्षांनी आपापली गिऱ्हाइके शोधू लागणार. पक्षी कापला जात नाही तोवर ही साखळी फक्त नव्या पालकांच्या पैशावर चालते. पहिल्या काहींचे पैसे खरोखर झाले. गावोगाव दाखवायला तेच उदाहरण होते.

पेरुंदुराई

साखळी कशी तुटली, याचे सर्वांत ठळक उदाहरण तमिळनाडूच्या इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराईचे. सुसी इमू फार्म्स या कंपनीची योजना अशी: दीड लाख रुपये भरा, सहा पिल्ले घ्या, शेड आणि खाद्य कंपनीचे, संगोपनाचे महिन्याला सहा हजार रुपये आणि वर्षाला वीस हजार बोनस मिळेल. म्हणजे पिल्लू पडले २५,००० रुपयांना, आणि दीड लाखावर वर्षाकाठी ९२,००० रुपये परत. साठ टक्क्यांहून अधिक. कुठल्याही पिकाचा वा जनावराचा धंदा हे पेलणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पण जाहिरातीत ओळखीचे सिनेनट होते, आणि पैसे काही काळ वेळेवर येतही होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ते यायचे थांबले. सुसीसारख्या इतर कंपन्याही पाठोपाठ बंद पडल्या. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९७ च्या तमिळनाडू कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. सुसीच्या प्रमुखाला पुढे कोइमतूरच्या विशेष न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. तोवर सोडून दिलेले पक्षी भुकेने मरू लागले होते आणि त्यांना खाद्य घालण्याची जबाबदारी राज्याच्या पशुसंवर्धन खात्यावर आली.

महाराष्ट्रात एकच मोठा स्फोट झाला नाही. इथे छोट्या छोट्या कंपन्या होत्या, पिल्ले परत घेण्याचे करार होते, आणि त्यातले बरेचसे निमूटपणे मोडले. 'गाडी पुढच्या आठवड्यात येते' असे सांगितले जाई, मग फोन लागेनासा होई. जोडीचा भाव पडल्यावर खाद्य परवडेना. काहींनी पक्षी फुकट द्यायची तयारी दाखवली तरी घेणारा मिळेना.

कोण काय म्हणते

पीडित शेतकऱ्यांची बाजू अशी: आम्ही जुगार खेळलो नाही. बँकेने प्रकल्प अहवाल पाहून कर्ज दिले, सरकारी चर्चासत्रांत हा धंदा सांगितला गेला. मग बुडाल्यावर बोजा फक्त आमच्या सातबाऱ्यावर का? या मागणीत तथ्य आहे. विक्रीची सोय तपासल्याशिवाय प्रकल्पाला 'व्यवहार्य' म्हणणे ही शेतकऱ्याची एकट्याची चूक म्हणता येत नाही.

बँकांचे म्हणणे, कर्ज शेडला आणि पक्ष्यांना होते, परतखरेदीचा करार शेतकरी आणि कंपनी यांच्यातला होता. बाजाराची हमी कोणतीच बँक देत नाही. हेही नियमाला धरूनच आहे. त्याचबरोबर तोच करार कर्जप्रकरणाच्या फायलीला आधार म्हणून जोडला जाई, हेही त्या काळी कर्ज घेतलेले सांगतात.

पशुवैज्ञानिकांचे मत सावध आहे. पक्षी आपल्या हवामानात टिकला, व्याला, वाढला. त्या अंगाने प्रयोग फसला असे ते मानत नाहीत. मोठ्या पक्ष्याला योग्य कत्तलखाना, शीतसाखळी आणि चरबी शुद्ध करण्याची यंत्रणा उभी राहण्याआधीच संख्या वाढली, हा त्यांचा आक्षेप. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी इमूच्या मांसाच्या प्रतीवर अभ्यास केलेला आहे. पण प्रयोगशाळेत मांस चांगले ठरणे आणि खाटकाच्या दुकानात ते खपणे यात अंतर आहे.

चौथी बाजू प्राणिहिताची. लांब पळणारा पक्षी अरुंद वाड्यात कोंडणे, ट्रकमधून नेताना पाय मोडणे, आणि भाव पडल्यावर उपाशी सोडून देणे. तेजीच्या काळात हे कोणी फारसे बोलत नव्हते. पेरुंदुराईनंतर बोलू लागले.

खाद्य आणि मांस

नव्या जोडीची विक्री बाजूला ठेवली तर उरते काय? पक्षी कापायला येतो साधारण सव्वा ते दीड वर्षाने. रोजचे सरासरी ६०० ग्रॅम खाद्य धरले तर ५०० दिवसांत ३०० किलो. मांस मिळते सुमारे १२ ते १५ किलो. म्हणजे एक किलो मांसामागे वीस किलोच्या वर खाद्य. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आत विकायला तयार होते आणि जिवंत वजनाच्या एका किलोला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य घेते. हिशेब थोडाफार इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही: मांसासाठी म्हणून इमू पाळणे परवडत नाही.

मांस वाईट मुळीच नाही. रंगाने लाल, चरबी अगदी कमी, लोह भरपूर. पण आपल्याकडचा ग्राहक ते कशाच्या जागी घेणार? कोंबडीच्या जागी म्हणावे तर महाग, मटणाच्या जागी म्हणावे तर चरबी नसल्याने रश्शाला चव येत नाही आणि जरा जास्त शिजले की चिवट होते. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रश्श्यात इमू घालायला सांगणे धाडसाचे आहे.

कातड्याला पिसांच्या मुळांचे उठाव असतात आणि त्यामुळे ते शोभिवंत दिसते; पायाचे कातडे सरड्यासारखे खवल्यांचे. अंड्याच्या कवचात हिरव्यापासून पांढऱ्यापर्यंत थर असतात, त्यावर कोरीवकाम छान होते. ही हौशी बाजारपेठ आहे. तिच्यावर तालुक्याचा जोडधंदा उभा राहत नाही.

तेल

राहिले तेल. एका पक्ष्याच्या चरबीतून सुमारे चार-पाच लिटर तेल निघते. चरबी वितळवून, गाळून, शुद्ध करून ते मिळवतात. रंग फिकट पिवळसर, वास जवळजवळ नाही. त्यात ओलिइक आम्लाचे प्रमाण सर्वांत जास्त असते, शिवाय लिनोलिइक आणि पामिटिक. रासायनिकदृष्ट्या ही एक चांगल्या प्रतीची प्राणिज चरबी आहे. दावे मात्र सांधेदुखीपासून सोरायसिसपर्यंत आणि केसगळतीपासून भाजल्याच्या जखमांपर्यंत पोचले.

या दाव्यांमागे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत तेल लावल्यावर सूज कमी झाल्याचे निष्कर्ष १९९० च्या दशकापासून प्रसिद्ध झाले आहेत. सूज कमी करणाऱ्या इमूतेल-मिश्रणाला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळाले. ॲडलेड येथील संशोधकांनी केमोथेरपीच्या औषधांनी आतड्याला होणाऱ्या इजेवर घुशींमध्ये त्याचा उपयोग तपासला आणि काही आशादायक परिणाम नोंदवले. त्वचा मऊ ठेवण्याच्या बाबतीत तेल बरे काम करते, याबद्दलही फारसा वाद नाही.

अडचण माणसावरच्या चाचण्यांची आहे. त्या थोड्या आहेत आणि लहान आहेत. स्तनाच्या कर्करोगाच्या औषधांमुळे सांधे दुखणाऱ्या ७५ स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली. निम्म्यांना इमूचे तेल, निम्म्यांना बिनऔषधी तेल. दोन्ही गटांत दुखणे कमी झाले आणि दोन्ही गटांत सारखेच. चोळण्यानेच बरे वाटत असावे, असा त्याचा एक अर्थ निघतो. आपल्या आजीबाईंना तो नवा वाटणार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या इमूतेलाला मान्यता नसलेले औषध मानले आहे.

दुसरी अडचण प्रतीची. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांना वेगवेगळ्या ठिकाणच्या तेलांचा परिणाम वेगवेगळा दिसला. पक्ष्याने काय खाल्ले, चरबी किती तापवली, तेल किती दिवस ठेवले, यावर गुण बदलतात. मग ज्या तेलावर प्रयोग यशस्वी झाला आणि जे तेल बाटलीतून विकले जाते, ती एकच वस्तू आहे का? भेसळीचा प्रश्न याहून वेगळा, आणि महाग तेलात तो कधीच दूर नसतो.

म्हणून वरचा सगळा हिशेब इथे येऊन टेकतो. खाद्याचा खर्च मांस भरून काढत नाही, कातडे आणि अंडी किरकोळ, तेव्हा भार तेलावर. तेलाला औषधाचा भाव मिळाला तर धंदा उभा राहील. त्वचेला लावायच्या चांगल्या तेलाचा भाव मिळाला तर स्पर्धा खोबरेल, तीळ आणि बदाम यांच्याशी आहे.

न सुटलेले

संशोधनाच्या अंगाने दोन गोष्टी बाकी आहेत: ठरावीक प्रतीच्या तेलावर मोठ्या, तुलनात्मक मानवी चाचण्या, आणि त्याआधी ती प्रत ठरवणारे मानक. पहिलीला पैसा कोण घालणार हा प्रश्न आहे, कारण नैसर्गिक चरबीवर कोणाचीच मक्तेदारी टिकत नाही.

कायद्याचा प्रश्न जास्त निकडीचा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे, देशात अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये आला. पण माल पुरवण्यापोटी धंद्याच्या ओघात घेतलेली आगाऊ रक्कम या केंद्रीय कायद्यात ठेव धरलेली नाही. मग पिल्लासाठी भरलेले पैसे ही पक्ष्याची किंमत की ठेव? परतखरेदीचा करार जितका हुशारीने लिहिलेला, तितके याचे उत्तर धूसर. २०१९ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेचा बोभाटा झाला. पिल्ले घ्या, आम्ही परत घेऊ, हाच तो साचा. फक्त पक्षी बदलला होता. इमूतून शिकायचे ते आपण शिकलो की नाही, याची तीच परीक्षा होती आणि निकाल सर्वांसमोर आहे.

कर्जाची जबाबदारी बँक, कंपनी आणि शेतकरी यांच्यात कशी वाटावी, याचे सर्वांना मान्य सूत्र ठरलेले नाही.

आजच्या घडीला उपलब्ध माहितीवरून एवढे म्हणता येते. इमू आपल्या हवेत जगतो, हे सिद्ध झाले आहे. त्याचे तेल त्वचेला चांगले आहे, हेही बव्हंशी मान्य आहे. ते औषध आहे हे सिद्ध झालेले नाही. पिल्ले विकून मिळणारा पैसा हे या धंद्याचे उत्पन्न धरता येत नाही. तेल किंवा मांस ठरलेल्या भावाने घेणारा, पिल्ले विकणाऱ्याशी संबंध नसलेला ग्राहक आधी हाती असेल तरच इमूचा विचार करावा; तो नसेल तर कोरडवाहू शेतकऱ्याला जोडधंदा म्हणून इमूची शिफारस करण्याजोगी स्थिती आज नाही.